घरातला जुना टीव्ही गेम हातात घेऊन खेळता येईल असा कसा करायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्वदच्या दशकात आणि पुढेही बरीच वर्षं आपल्याकडे ‘व्हिडिओ गेम’ म्हटलं की एकच वस्तू डोळ्यांसमोर यायची. टीव्हीला जोडायचा प्लॅस्टिकचा डबा, वरून खोचायची पिवळी कॅसेट आणि वायरचे दोन रिमोट. असे कितीतरी डबे अजून माळ्यावर पडून आहेत. त्यातले बरेचसे बिघडलेले नाहीत, फक्त ते ज्या टीव्हीला जोडायचे तो टीव्ही घरातून गेला आहे. अशा डब्यातला बोर्ड, एक छोटी स्क्रीन आणि चार्ज होणारा सेल एकत्र करून मी आतापर्यंत चार हातातली यंत्रं बनवली. त्यावरून लोक जे विचारतात त्याची उत्तरं इथे देतो.

हा डबा नेमका कुठला? निन्टेन्डोचाच का?

मूळ यंत्र निन्टेन्डो या जपानी कंपनीचं. १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये ‘फॅमिली कॉम्प्युटर’ बाजारात आला, त्याला तिकडे फॅमिकॉम म्हणतात. आपल्याकडे घरोघरी पोचल्या त्या बहुतेक त्याच्या तैवानी आणि चिनी नकला. कॅसेटला ६० पिना, प्रत्येक बाजूला ३०. अमेरिकेत हेच यंत्र वेगळ्या रूपात विकलं गेलं, त्याच्या कॅसेटला ७२ पिना असतात आणि ती आपल्या डब्यात बसत नाही.

आत आठ बिटांचा प्रोसेसर, कामासाठी दोन किलोबाइट मेमरी आणि चित्रासाठी आणखी दोन किलोबाइट. एवढ्यावर सगळा खेळ चालतो. जुन्या नकलांमधल्या आवाजाच्या भागात एक गंमत आहे: दोन चौकोनी लहरींची रूपं मूळ जपानी चिपच्या तुलनेत अदलाबदल झालेली आहेत. त्यामुळे आपण लहानपणी ऐकलेलं संगीत आणि जपानी मुलांनी ऐकलेलं संगीत यांचा पोत थोडा वेगळा आहे. मला तो आपला पोतच खरा वाटतो आणि खरा बोर्ड वापरण्याचं माझ्यासाठी तेही एक कारण आहे.

मग रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर घालून हजारो गेम का नाही खेळायचे?

खेळा की. ते सोपंही पडतं. पण ते वेगळं यंत्र झालं, त्यात माळ्यावरचा तुमचा बोर्ड किंवा तुमची कॅसेट कुठेच येत नाही. कॅसेट खोचल्यावर तीच चिप, तीच मेमरी, तोच आवाज चालू व्हावा असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे पान आहे.

ही कल्पना कुठून आली?

कंपन्यांनी स्वतःच असे प्रयोग केले आहेत. सेगा या जपानी कंपनीने १९९५ मध्ये आपल्या टीव्हीवरच्या यंत्राची हातातली आवृत्ती ‘नोमॅड’ काढली. तिला पेन्सिल सेल लागायचे सहा आणि ते दोन-तीन तासांत संपायचे. घरी बनवणाऱ्यांमध्ये अमेरिकेतल्या बेन हेकेनडॉर्नचं नाव आधी घ्यायला हवं. त्याने २००० साली अटारी २६०० हे १९७७ चं यंत्र हातात मावेल असं केलं आणि त्याचं पाहून कितीतरी लोक या छंदात उतरले.

माझ्याकडचा डबा उघडला. यातला कुठला बोर्ड चालेल?

दोन प्रकार दिसतील. एकात चाळीस-चाळीस पायांच्या दोन मोठ्या आयसी, म्हणजे चिप, असतात, त्यावर बहुधा यूए६५२७ आणि यूए६५३८ असे आकडे असतात. दुसऱ्यात अशा आयसी नसतात, बोर्डाच्या मधोमध काळ्या राळेचा रुपयाएवढा ठिपका असतो. त्या ठिपक्याखाली सगळं यंत्र एकाच चिपमध्ये आहे.

हातातल्या यंत्रासाठी ठिपक्याचा बोर्ड घ्या. तो लहान असतो, वीज कमी खातो आणि आजही सहज मिळतो. मोठ्या आयसींचा चालू बोर्ड हाती लागला असेल तर माझी कळकळीची विनंती आहे, त्याला करवत लावू नका. तसे बोर्ड दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत. तो त्याच्या डब्यातच राहू द्या.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलो नाही. जमेल का?

जमेल, पण या यंत्रावर हात बसवू नका. आधी एखाद्या मेलेल्या रेडिओचा किंवा चार्जरचा बोर्ड घ्या, त्यातले पार्ट काढा आणि परत लावा. सोल्डर, म्हणजे वितळवून जोडायचा धातू, चकचकीत आणि पसरट बसायला हवा. गोळा होऊन वर राहिला तर तो टाका कच्चा आहे. मल्टिमीटरने तीन गोष्टी आल्या पाहिजेत: व्होल्ट मोजणं, करंट मोजणं आणि बीप वाजवून वायर जोडलेली आहे की नाही ते पाहणं. आठ-पंधरा दिवस संध्याकाळी तासभर दिला तर एवढं येतं.

सामान काय लागेल आणि कुठे मिळेल?

बोर्ड, ४.३ इंची स्क्रीन, १८६५० आकाराचा लिथियम सेल, टीपी४०५६ हे चार्जिंगचं मॉड्यूल (म्हणजे तयार छोटा बोर्ड), एमटी३६०८ हे व्होल्टेज वाढवणारं मॉड्यूल, आवाज वाढवणारी एलएम३८६ आयसी, आठ ओहमचा छोटा स्पीकर, काही कपॅसिटर, बारीक वायर आणि स्विच. स्क्रीन म्हणजे गाडी मागे घेताना कॅमेऱ्याचं चित्र दाखवते तीच, गाडीच्या अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात मिळते. बाकीचं मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका फेरीत होतं. जुने डबे आणि कॅसेटसाठी मी पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी लवकर जातो. मला एका यंत्राला सगळं मिळून अडीच हजारांच्या आसपास खर्च आला, त्यात निम्मा स्क्रीनचा.

डब्याला नऊ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागायचा. सेल तर ३.७ व्होल्टचा. कसं काय?

नऊ व्होल्ट फक्त दारापर्यंत येतात. आत शिरल्याबरोबर ७८०५ नावाची तीन पायांची आयसी त्याचे पाच व्होल्ट करते आणि उरलेली वीज उष्णता म्हणून टाकून देते. डबा तासाभरात गरम का व्हायचा, त्याचं एक मोठं कारण हेच. बोर्डाला हवे असतात ते पाचच.

म्हणून ७८०५ काढून टाका. आकडे आपल्याकडे आणि पाय खाली असे धरले तर डावा पाय आत येणारा, मधला ग्राउंड (म्हणजे सगळ्यांचं सामाईक ऋण टोक), उजवा बाहेर जाणारा. आयसी काढल्यावर उजव्या पायाच्या जागी आपले पाच व्होल्ट आणि मधल्या जागी ग्राउंड द्यायचं. सेलचे ३.७ व्होल्ट एमटी३६०८ पाचपर्यंत वाढवतं.

आता हे नीट वाचा. एमटी३६०८ वर एक छोटा निळा चौकोनी ठोकळा असतो, त्यावर पितळी स्क्रू. तो फिरवून व्होल्टेज ठरतं आणि ते २८ व्होल्टपर्यंत जाऊ शकतं. दुकानातून आणलेलं मॉड्यूल कितीवर लावलेलं आहे ते कुणीच सांगू शकत नाही. मी पहिल्या वेळी ते न मोजता थेट बोर्डाला जोडलं. स्क्रीनवर क्षणभर राखाडी पट्टे आले, ठिपक्याजवळ बोट नेलं तर चटका बसला आणि बोर्ड गेला. तो आत्याच्या घरचा होता, आम्ही सगळी भावंडं त्याच्यावर खेळलेलो. मॉड्यूलला आधी फक्त सेल जोडा, बाहेरच्या टोकांना मल्टिमीटर लावा आणि आकडा पाचवर आणा. सुरुवातीला स्क्रू कितीही फिरवला तरी आकडा हलत नाही, दहा-बारा वेढे उलट्या दिशेने द्यावे लागतात. पाच आले की स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका द्या, म्हणजे धक्क्याने तो फिरणार नाही.

सेल कुठला घेऊ? ९९०० एमएएच लिहिलेला स्वस्तात मिळतोय.

तो घेऊ नका, तो आकडा खोटा आहे. एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-अवर, सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप; या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण २००० ते ३५०० एमएएच असते. खरा सेल तळहातावर जड लागतो, पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. खोटे सेल बहुधा हलके लागतात.

टीपी४०५६ चे मॉड्यूल दोन प्रकारचे येतात. एकात फक्त चार्जिंग, दुसऱ्यात संरक्षणाचे दोन छोटे आयसी जास्तीचे. ओळखायची खूण म्हणजे दुसऱ्याला सेलसाठी आणि बाहेरच्या वायरींसाठी वेगवेगळी टोकं असतात. तोच घ्या. सेल जास्त रिकामा झाला किंवा वायरी एकमेकींना चिकटल्या तर तो वीज तोडतो. सेलच्या टोकांना थेट सोल्डर करू नका, आतला भाग तापून सेल कायमचा खराब होतो. पट्टी लावलेला सेल विकत घ्या किंवा प्लॅस्टिकचा होल्डर वापरा. फुगलेला, पोचा आलेला, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला आणि इतिहास माहीत नसलेला सेल हातात धरायच्या यंत्रात नको. लिथियम पेटला तर तो सहजी विझत नाही.

एका चार्जिंगमध्ये किती वेळ चालेल?

स्वतःच्या यंत्राचा करंट मोजा आणि हिशोब करा. माझ्या शेवटच्या यंत्रात बोर्ड, स्क्रीन आणि आवाज मिळून पाच व्होल्टवर ०.४५ अँपिअर जातात, म्हणजे २.२५ वॉट. २६०० एमएएचच्या सेलमध्ये ३.७ व्होल्टने ९.६ वॉट-अवर वीज मावते. व्होल्टेज वाढवताना पंधरा टक्के गळती धरली तर ८.२ उरतात. भागाकार केला की साडेतीन तासांच्या थोडं वर येतं आणि प्रत्यक्षातही तेवढंच चालतं. सगळ्यात जास्त वीज स्क्रीन खाते. तिचा उजेड थोडा कमी केला तरी वेळ वाढतो.

चार्जिंगला लावून खेळता येईल का?

या साध्या जोडणीत नको. टीपी४०५६ सेलकडे जाणारा करंट पाहून चार्जिंग थांबवतं. त्याच वेळी यंत्र वीज खेचत राहिलं तर सेल भरला आहे हे त्याला कळत नाही. मी चालू-बंदचं बटण तीन टोकांचं लावतो: एका बाजूला खेळ, दुसऱ्या बाजूला चार्जिंग. पॉवर बँकेचे तयार बोर्डही वापरता येतात, पण त्यातले बरेच चार्जर लावताक्षणी पळभर वीज तोडतात आणि गेम पहिल्यापासून सुरू होतो.

स्क्रीनला बारा व्होल्ट लिहिलंय. आणि चित्राची वायर कुठून काढायची?

गाडीची स्क्रीन बारा व्होल्ट घेते, पण आत तेही कमी करून वापरते. मागचं झाकण उघडा, बारा व्होल्ट देऊन चालू करा आणि आतल्या कॉइलच्या पलीकडच्या टोकाला मोजा. तिथे ३.३ आले तर स्क्रीन बहुधा बाहेरून पाच दिले तरी चालते. तिथेच पाच आले तर वीज बंद करून ती कॉइल काढा आणि पाच व्होल्ट थेट त्या टोकाला द्या. तिथे पाचाच्या वरचा आकडा आला तर ती स्क्रीन परत करून दुसरी आणा.

चित्रासाठी बोर्डावर पत्र्याची छोटी डबी शोधा. अँटेनाची वायर तिथूनच निघायची आणि आपण टीव्हीवर चॅनल जुळवत बसायचो. त्या डबीत जाणाऱ्या पिनांपैकी एकीवर चित्र, एकीवर आवाज, एकीवर पाच व्होल्ट असतात. डबीचा पत्रा म्हणजे ग्राउंड. डब्याला मागे पिवळं-पांढरं एव्ही सॉकेट असेल तर काम आणखी सोपं, चित्र आणि आवाज तिथूनच घ्या. डबी काढल्याने जागाही सुटते. चित्र थेट चिपच्या पायावरून घेऊ नका. ते काळपट येतं. बोर्डावरच्या ट्रान्झिस्टरच्या पुढून घ्यायला हवं.

चित्र येतंय पण रंगच नाहीत. किंवा आडव्या लाटा सरकतात.

रंग नसतील तर बोर्डावरच्या चांदीसारख्या डबीवरचा, म्हणजे क्रिस्टलवरचा, आकडा वाचा. २६.६०१७ असेल तर बोर्ड पॅल, आपल्याकडच्या टीव्हींसाठीचा. २१.४७७२ असेल तर एनटीएससी, म्हणजे अमेरिका-जपानमधल्या टीव्हींसाठीचा. स्क्रीन दोन्ही पद्धती घेणारी असली पाहिजे, काही स्वस्त स्क्रीन एकच घेतात. क्रिस्टल बदलून पद्धत बदलत नाही, त्या वाटेला जाऊ नका.

सरकणाऱ्या लाटा जवळजवळ नेहमी एमटी३६०८ मुळे येतात. बोर्डाला जिथे पाच व्होल्ट मिळतात तिथेच ४७० मायक्रोफॅरडचा एक आणि ०.१ चा एक कपॅसिटर लावा. ग्राउंडच्या वायरी एकीतून दुसरीत अशा साखळीने नेऊ नका, प्रत्येकीला मॉड्यूलच्या ग्राउंडपर्यंत वेगळी न्या. माझ्या दुसऱ्या यंत्रात फक्त एवढं बदलल्यावर चित्र काचेसारखं स्वच्छ झालं.

आवाज वाढवायला पीएएम८४०३ ही आयसी स्वस्त आणि जोरदार आहे. एलएम३८६ का?

नुसता स्पीकर लावायचा असेल तर पीएएम८४०३ उत्तम. पण त्याच्या स्पीकरचं कुठलंच टोक ग्राउंड नसतं आणि हेडफोनच्या जॅकमध्ये एक टोक सामाईक असतं. ते ग्राउंडला जोडलं की आयसी जाते. रात्री घरातले झोपल्यावर खेळायचं तर हेडफोन हवाच. एलएम३८६ पाच व्होल्टवर चालतो, बाहेरच्या टोकाला २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की पुढे स्पीकर आणि जॅक दोन्ही सुखाने नांदतात.

रिमोटची बटणं आत कशी बसवायची?

नवी बटणं शोधू नका, जुन्या रिमोटचाच बोर्ड आणि त्याची रबरं वापरा. बोटांना तीच ओळख असते. रिमोटमधून पाच वायरी निघतात: पाच व्होल्ट, ग्राउंड आणि तीन कामाच्या. आतली चिप आठही बटणांची स्थिती एकामागून एक एकाच वायरीवरून पाठवते, म्हणून आठ बटणांना आठ वायरी लागत नाहीत. वायरींच्या रंगांवर विसंबू नका, प्रत्येक कारखान्याने आपल्या मनाने रंग लावले आहेत. कापण्याआधी कुठली वायर कुठे जाते ते बीप वाजवून कागदावर लिहा.

स्क्रीन मधे आणि बटणं दोन्ही बाजूंना हवी असतील तर रिमोटचा बोर्ड मधून कापावा लागतो. बारीक पात्याच्या करवतीने कापा, कडेचं तांबं कानशीने साफ करा आणि तुटलेली प्रत्येक रेघ केसासारख्या बारीक वायरने परत जोडा.

कॅसेटची खाच फार मोठी आहे. लांब नेली तर चालेल का?

चालेल. यंत्राचा वेग जेमतेम पावणेदोन मेगाहर्ट्‌झ, त्यामुळे पट्टीच्या वायरीने आठ-दहा सेंटिमीटर नेलेली खाच मला कधी नडली नाही. पण साठ वायरी, म्हणजे एकशेवीस टाके. एका दिवसात करू नका. दहा-दहा करा, प्रत्येक वेळी शेजारच्या दोघी चिकटल्या नाहीत ना ते बीपने पाहा. शक्य असेल तर खाच बोर्डावरच ठेवा आणि कॅसेट यंत्राच्या पाठीत खोचता येईल अशी रचना करा. मी आता तसंच करतो.

आणि कॅसेट चालली नाही तर फुंकर मारायची आपली सवय सोडा. तोंडातल्या ओलाव्याने कॅसेटच्या धातूच्या पट्ट्या हळूहळू काळ्या पडतात. खोडरबर हलक्या हाताने फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. फुंकर मारल्यावर ती चालायची, कारण आपण ती काढून परत खोचायचो. जुळणी व्हायची ती त्या खोचण्याने.

बाहेरचं कव्हर कशाचं करू?

थ्रीडी प्रिंट करून घेता आलं तर छान. नसेल तर विजेच्या दुकानातला प्लॅस्टिकचा बॉक्स घ्या, खिडकी कापा, कडा कानशीने गोल करा. आधी पुठ्ठ्याचा नमुना करून अर्धा तास हातात धरा. अंगठे कुठे दुखतात ते त्यातूनच कळतं. सेलच्या शेजारी स्क्रूचं टोक येता कामा नये.

बंदूक चालेल का?

नाही. बदकं टिपायची ती बंदूक जुन्या काचेच्या टीव्हीवर उजेड ज्या क्षणी उमटतो त्यावर अवलंबून असते. या स्क्रीनवर तो क्षण जुळत नाही.

हे कायद्यात बसतं का?

स्वतःच्या मालकीचं यंत्र उघडून स्वतःसाठी बदलणं हा तुमचा प्रश्न आहे. ‘९९९९ इन १’ सारख्या कॅसेट मात्र मूळ कंपन्यांच्या परवानगीने निघालेल्या नव्हत्या आणि त्या गेमवरचे हक्क आजही आहेत. म्हणून त्या घालून यंत्रं विकायचा धंदा करू नका. या यंत्रासाठी आजही लोक नवे गेम लिहितात, त्यातले काही लेखक स्वतःच मोफत देतात. ते जरूर खेळून पाहा.

लहान मुलाच्या हातात द्यावं का?

समोर बसून खेळणार असाल तर द्या. चार्जिंगला लावून मुलाला एकट्याला सोडू नका आणि रात्रभर उशाशी चार्जिंग नको. यंत्र पडलं तर उघडून सेलला पोचा आला आहे का ते पाहिल्याशिवाय परत चार्ज करू नका.

उरलेल्या रिकाम्या डब्याचं काय करू?

टाकू नका. पत्र्याची डबी, ७८०५ आणि सगळे स्क्रू एका पिशवीत घालून त्याच डब्यात ठेवा, सोबत तुम्ही लिहिलेला वायरींचा कागदही ठेवा. फक्त जुना अ‍ॅडॉप्टर वेगळा करून त्यावर चिठ्ठी चिकटवा. त्याचे नऊ व्होल्ट नव्या यंत्राला चालणार नाहीत, शिवाय अशा कित्येक अ‍ॅडॉप्टरमध्ये पिनेच्या मधोमध ऋण टोक असतं, म्हणजे हल्लीच्या बहुतेक चार्जरच्या उलट.